पाच हजार प्रवाशांचे नवे जहाज की चौदाशेंचे जुने?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : पत्नी, बारा वर्षांचा मुलगा आणि सत्तरी ओलांडलेली, काठीच्या आधाराने चालणारी आई यांना घेऊन आपण भूमध्य समुद्रात सात रात्रींच्या क्रूझवर जाणार आहात. एक जहाज दोन वर्षांपूर्वी सेवेत आलेले, पाच हजारांहून अधिक प्रवासी नेणारे आणि वाटेत तीन बंदरांना थांबणारे आहे. दुसरे पंचवीस वर्षांचे, चौदाशे प्रवाशांचे आणि पाच बंदरांना थांबणारे आहे. भाडे जवळजवळ सारखेच, क्रूझचा अनुभव कोणालाच नाही, आणि ‘जुने म्हणजे कळकट, मोठे म्हणजे गर्दी’ अशी दोन्ही बाजूंची भीती आपल्याला ऐकवली गेली आहे. मी आधी जहाजांवर हॉटेल विभागात नोकरी केली आणि त्यानंतर बरीच वर्षे लोकांना समुद्रसफरींची आखणी करून देत आलो आहे. ही द्विधा मनःस्थिती माझ्यासमोर वारंवार येते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रथम हे लक्षात घ्यावे, की आपल्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत : एक आकाराचा आणि एक वयाचा. ते एकत्र येतात याला कारण आहे. अतिशय मोठी म्हणावीत अशी जहाजे २००९ मध्ये ‘ओॲसिस ऑफ द सीज’ हे महाकाय जहाज आल्यानंतरची आहेत, त्यामुळे ती सगळी तुलनेने नवीच असतात. उलट मध्यम भाड्यात मिळणारी लहान जहाजे बहुतेक १९९० च्या दशकात किंवा २००० च्या आसपास बांधलेली आहेत, कारण जहाज जितके मोठे तितका दरडोई खर्च कमी पडतो हे उमगल्यावर कंपन्यांनी त्या भाड्यासाठी लहान जहाजे बांधणे जवळपास थांबवले. लहान आणि नवे जहाजही मिळते, पण त्याचे भाडे फार वरच्या पायरीवरचे असते. म्हणजे आपल्यापुढे आलेली जोडी योगायोगाने आलेली नाही. परंतु निर्णय घेताना आकाराचे परिणाम आणि वयाचे परिणाम वेगवेगळे तपासले, तरच काही हाती लागते.

आकाराबद्दलची पहिली भीती गर्दीची असते. जहाजाचे ‘ग्रॉस टनेज’ हे वजनाचे माप नसून जहाजातील एकूण बंदिस्त जागेचे माप आहे. त्याला प्रवाशांच्या संख्येने भागले, की दर प्रवाशामागे किती जागा येते याचा एक ढोबळ अंदाज मिळतो. २०२४ मध्ये सेवेत आलेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’चे ग्रॉस टनेज सुमारे २ लाख ४८ हजार आहे आणि एका केबिनमध्ये दोघे याप्रमाणे त्याची प्रवासीसंख्या ५,६१० होते, भागाकार सुमारे ४४ येतो. १९९९ चे ‘व्होलेंडम’ सुमारे ६१ हजार टनेजचे आणि सुमारे १,४३० प्रवाशांचे आहे; तेथे भागाकार सुमारे ४३ येतो. एक जहाज दुसऱ्याच्या चौपट असूनही माणशी जागा सारखीच! तिशीच्या आत आकडा असेल तर जहाज दाटीचे आणि चाळिशीच्या पुढे असेल तर ऐसपैस, असे मी साधारणपणे मानतो. म्हणून प्रवाशांची नुसती संख्या ऐकून घाबरू नये.

मात्र या हिशेबात एक मेख आहे आणि ती आपल्यासारख्या कुटुंबांनाच लागू पडते. वरचे आकडे एका केबिनमध्ये दोन माणसे धरून काढलेले असतात. शाळांच्या सुट्टीत कुटुंबे येतात, तेव्हा भिंतीतून खाली येणारे तिसरे आणि चौथे पलंगही भरतात. ‘आयकॉन’ची कमाल प्रवासीसंख्या सुमारे ७,६०० आहे. त्या संख्येने भागले, तर ४४ चा आकडा ३३ वर उतरतो. लहान, जुन्या जहाजांवर तिसरा-चौथा पलंग असलेल्या केबिन प्रमाणाने कमी असतात, त्यामुळे सुट्टीच्या काळातही त्यांचा आकडा इतका घसरत नाही. म्हणजे जे मोठे जहाज इतर महिन्यांत लहान जहाजाइतकेच मोकळे वाटते, तेच जुलै-ऑगस्टमध्ये ठळकपणे अधिक भरलेले असते. आपण महिना लिहिलेला नाही. मुलाच्या शाळेमुळे भर सुट्टीतच जाणे भाग असेल, तर गर्दीच्या बाबतीत लहान जहाजाचे पारडे जड आहे, आणि तारखा थोड्या मागेपुढे करता येत असतील, तर हा मुद्दा बराचसा निकालात निघतो.

तरीही गर्दी दिवसभर सारखी जाणवत नाही, ती ठरावीक वेळी आणि ठरावीक जागी जाणवते : बंदराच्या दिवशी सकाळी लिफ्टपाशी, न्याहारीच्या वेळी बुफेत, आणि समुद्रात घालवायच्या दिवशी पोहण्याच्या तलावाभोवतीच्या खुर्च्यांवर. नव्या मोठ्या जहाजांच्या आराखड्यात याचा विचार केलेला असतो. लोक अनेक ठिकाणी विखुरले जावेत म्हणून उपाहारगृहे आणि तलाव जागोजागी वाटलेले असतात. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त खोळंबा अगदी मोठ्या जहाजांवर होत नाही. तो होतो मधल्या आकाराच्या अशा जहाजांवर, ज्यांत नंतरच्या दुरुस्तीच्या वेळी जादा केबिन कोंबल्या गेल्या, पण लिफ्ट आणि जिने होते तेवढेच राहिले.

आता बंदरांकडे येतो, कारण खरा फरक तेथे पडतो. मोठ्या जहाजाला खोल पाणी, लांब धक्का आणि हजारो लोकांना पुढे नेणाऱ्या बसगाड्यांची सोय लागते, आणि ती नेहमीच शहराच्या जवळ असते असे नाही. रोम पाहायचे म्हणून आपण ज्या बंदरात उतरता ते चिव्हिताव्हेक्किया रोमपासून सत्तर-ऐंशी किलोमीटर दूर आहे, आणि फ्लॉरेन्ससाठीचे लिव्होर्नो त्याहूनही थोडे लांब. या दोन ठिकाणी लहान जहाजही तेथेच लागते, त्यामुळे त्याचा काही फायदा नाही. परंतु स्पेनमधील सेव्हिलला लहान जहाज ग्वादलकिव्हिर नदीतून वर थेट शहरापर्यंत जाऊ शकते. मोठ्याला ते शक्यच नाही. २०१९ मध्ये ‘ब्रेमर’ नावाचे सुमारे साडेबावीस मीटर रुंदीचे जुने जहाज ग्रीसच्या अरुंद कोरिंथ कालव्यातून दोन्ही कडांना खेटून पार झाले होते. व्हेनिसमध्ये तर ऑगस्ट २०२१ पासून २५ हजारांहून अधिक टनेजच्या किंवा १८० मीटरहून लांब जहाजांना सेंट मार्कच्या चौकासमोरून जाण्यास मनाई आहे. हे उदाहरण मुद्दाम दिले, कारण त्या मर्यादेत आपले चौदाशे प्रवाशांचे जहाजही बसणार नाही. ‘लहान’ हा शब्द सापेक्ष आहे. जाहिरातीतले चित्र पाहून आपले जहाज शहराच्या मध्यात उभे राहील असे गृहीत धरू नये.

आपल्या आईंच्या दृष्टीने यापेक्षाही महत्त्वाची बाब म्हणजे जहाज धक्क्याला लागते, की भर पाण्यात नांगर टाकून उभे राहते. नांगर टाकला असेल तर किनाऱ्यावर जाण्यासाठी टेंडर बोटीत, म्हणजे बहुतेक वेळा जहाजाच्याच लाइफबोटीत, उतरावे लागते. बोट हलत असते, जहाज हलत असते, आणि मधल्या फटीवरून पाऊल टाकण्याचा क्षण काठी घेऊन चालणाऱ्या व्यक्तीला अवघड जातो. खलाशी दोन्ही बाजूंनी हात देतात, पण समुद्र खवळलेला असेल तर चालण्यास अडचण असलेल्या प्रवाशांना नकारही मिळतो. सँटोरिनी या ग्रीक बेटावर मोठ्या-लहान सर्वच क्रूझ जहाजांना असे करावे लागते, आणि किनाऱ्यावर पोहोचल्यावर वरच्या गावात जाण्यासाठी केबल कारची रांग असतेच. लहान जहाजांच्या मार्गात अशी सुंदर, पण धक्का नसलेली गावे बहुधा अधिक असतात. म्हणून ‘तीन विरुद्ध पाच बंदरे’ एवढीच तुलना करू नका. प्रत्येक बंदरापुढे धक्का की टेंडर, शहरापासून अंतर किती आणि जहाज नेमके किती तास थांबणार, हे लिहून काढा. पाच बंदरांपैकी दोन टेंडरची असतील आणि एका ठिकाणी चारच तासांचा थांबा असेल, तर आईंसाठी ती पाच बंदरे प्रत्यक्षात दोन-तीनच उरतात.

बोट लागण्याची भीती प्रत्येक नवख्या प्रवाशाला असते. लांब जहाज लाटांवर पुढे-मागे कमी हिंदकळते, कारण एकाच वेळी ते अनेक लाटांवर टेकलेले असते. डावी-उजवीकडचे झुलणे पाण्याखालचे पंखासारखे स्टॅबिलायझर कमी करतात आणि ते जुन्या जहाजांवरही असतात. पुढे-मागे होणाऱ्या हालचालीवर मात्र स्टॅबिलायझरचा उपाय चालत नाही, त्यामुळे तेथे लांबीच उपयोगी पडते. या बाबतीत मोठे जहाज निःसंशय सरस आहे. पण उंच जहाजाच्या भिंतीवर वारा शिडाप्रमाणे दाब देतो, आणि जोराचा वारा असताना अरुंद बंदरात शिरणे कप्तानाला धोक्याचे वाटले, तर ते बंदर वगळले जाते. ग्रीसजवळच्या एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टमध्ये मेल्टेमी हा उत्तरेचा वारा जोरात असतो आणि फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याजवळ मिस्ट्राल. एरवी उन्हाळ्यातला भूमध्य समुद्र बहुतेक वेळ शांत असतो. शिवाय केबिन कोठे आहे यावर पुष्कळ अवलंबून असते. लहान जहाजाच्या मध्यभागी, खालच्या डेकवर झोपणाऱ्याला मोठ्या जहाजाच्या अगदी पुढच्या टोकाला, वरच्या डेकवर झोपणाऱ्यापेक्षा कमी त्रास होऊ शकतो.

वयाच्या प्रश्नाला मी थोडी अधिक जागा देतो, कारण गैरसमज येथेच जास्त आहेत. जहाजाच्या बांधणीच्या वर्षापेक्षा ते शेवटचे ड्राय डॉकमध्ये, म्हणजे पाणी काढून जहाज कोरडे ठेवून दुरुस्त करण्याच्या गोदीत, केव्हा गेले आणि तेथे काय काम झाले, हे विचारणे अधिक उपयोगाचे. प्रवासी जहाजाच्या सुरक्षा प्रमाणपत्राचे नूतनीकरण दरवर्षी तपासणी करूनच होते आणि तळाची तपासणीही ठरावीक मुदतीत सक्तीची असते, त्यामुळे ‘जुने म्हणजे दुर्लक्षित’ हे समीकरण बरोबर नाही. पण दुरुस्तीने काय बदलते आणि काय बदलत नाही, हे ओळखता आले पाहिजे. गालिचे, गाद्या, पडदे, उपाहारगृहांची सजावट, इंटरनेटची सोय, पलंगाजवळचे विजेचे सॉकेट या गोष्टी बदलता येतात. न्हाणीघराचा आकार, मार्गिकांची रुंदी, बाल्कनी असलेल्या केबिनची संख्या, लिफ्टची संख्या आणि भिंतींमागून गेलेले नळ सहसा जसेच्या तसे राहतात. जुन्या जहाजाचे वय दिवाणखान्यात दिसत नाही. ते न्हाणीघरातल्या मोरीच्या वासात, दुपारी धापा टाकणाऱ्या वातानुकूलनात आणि मागच्या बाजूच्या केबिनमध्ये जाणवणाऱ्या थरथराटात दिसते. प्रवाशांचे ताजे अभिप्राय वाचताना मी या तीन तक्रारी शोधतो आणि जेवणाबद्दलची मते जवळजवळ वाचतच नाही, कारण ती माणसागणिक बदलतात.

पायाखालचे उंबरठेही पाहावेत. जुन्या जहाजांवर उघड्या डेककडे जाणाऱ्या दारांना आणि अनेक केबिनच्या न्हाणीघरांना उंच उंबरठे असतात. तरुण माणसाच्या ते लक्षातही येत नाहीत, पण रात्री उठणाऱ्या वृद्ध माणसासाठी ती अडखळण्याची जागा असते. नव्या जहाजांवर हे बरेच सपाट झाले आहे. उलट नव्या जहाजाचे अंतर त्रासदायक ठरते : ‘आयकॉन’ची लांबी सुमारे ३६५ मीटर आहे आणि ‘व्होलेंडम’ची २३७ मीटरच्या आसपास. केबिन एका टोकाला आणि जेवणाचे दालन दुसऱ्या टोकाला असले, तर दिवसातून तीन वेळा ही पायपीट होते. आईंसाठी केबिन लिफ्टच्या जवळ हवी, मग जहाज कोणतेही असो.

सुरक्षेबाबत एक खरा फरक आहे, तो सांगितला पाहिजे. १ जुलै २०१० किंवा त्यानंतर ज्यांच्या बांधणीला सुरुवात झाली, अशा १२० मीटर वा अधिक लांबीच्या प्रवासी जहाजांना आंतरराष्ट्रीय नियमांनुसार अशी रचना ठेवावी लागते, की एका भागात मर्यादित आग लागली किंवा पाणी शिरले तरी जहाज स्वतःच्या बळावर बंदरात परतू शकेल आणि तोपर्यंत प्रवाशांना मूलभूत सोयी मिळत राहतील. हा नियम आधीच्या जहाजांना लागू नाही. १९९९ मध्ये बांधलेल्या ‘कार्निव्हल ट्रायम्फ’च्या इंजिनघरात फेब्रुवारी २०१३ मध्ये आग लागली, तेव्हा वीज गेली आणि जहाज मेक्सिकोच्या आखातात दिवसचे दिवस असहाय तरंगत राहिले, शेवटी ते ओढून बंदरात आणावे लागले. प्रवासी सुखरूप उतरले, पण मधल्या दिवसांत स्वच्छतागृहेही धड चालत नव्हती. असे प्रसंग विरळ असतात आणि माझ्या मते केवळ यासाठी जुने जहाज नाकारण्याचे कारण नाही, विशेषतः भूमध्य समुद्रात, जेथे पुढचे बंदर सहसा दूर नसते. तरीही दोन्ही जहाजे या बाबतीत समान आहेत असे कोणी सांगितले, तर ते खरे नव्हे.

नवेपणाचेही तोटे असतात. सेवेत येऊन काहीच महिने झालेल्या जहाजावर यंत्रणा अजून जुळत असतात आणि कर्मचारी एकमेकांना सरावत असतात. अशा पहिल्या हंगामातील तारखा मी सहसा सुचवत नाही. नुकतेच ड्राय डॉकमधून बाहेर पडलेल्या जुन्या जहाजाचे पहिले दोन-तीन आठवडेही मी टाळतो, कारण रंगाचा वास आणि अर्धवट कामे मागे राहिलेली असतात. आपले मोठे जहाज दोन वर्षांचे आहे, म्हणजे तो टप्पा ओलांडून गेले आहे, आणि गाद्या-गालिचेही अजून नवेच असतील. वयाच्या दृष्टीने ही फार चांगली वेळ आहे.

आतापर्यंतचा हिशेब असा होतो : हालचाल, उंबरठे आणि आधुनिक रचना यांत मोठे जहाज पुढे; भर सुट्टीतली गर्दी आणि चालण्याचे अंतर यांत लहान जहाज पुढे; बंदरांच्या बाबतीत आपली यादी तपासल्याशिवाय सांगता येत नाही.

राहता राहिला बारा वर्षांचा मुलगा, आणि खरे सांगायचे तर अशा कुटुंबात निकाल बहुधा तोच लावतो. मोठ्या जहाजांवर मुलांचे वयानुसार स्वतंत्र गट, त्यांच्यासाठी नेमलेले कर्मचारी, घसरगुंड्या आणि चढण्याच्या भिंती असतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याच्या वयाची भरपूर मुले असतात. चौदाशेंच्या जुन्या जहाजावर मुलांची खोली असली तरी तिच्यात त्या आठवड्यात चार मुले असतील की चाळीस, हे तारखेवर अवलंबून असते. तिसऱ्या दिवशी कंटाळलेला मुलगा सगळ्यांचीच सहल जड करतो. आपण दोघे आणि आईच जाणार असता, तर वर लिहिलेल्या बंदरांच्या तपासणीनंतर मी बहुधा लहान जहाजच सुचवले असते : संध्याकाळी कमी गोंगाट, तीन दिवसांत नावाने ओळखू लागणारे कर्मचारी, आणि बऱ्याच जुन्या जहाजांवर जहाजाला पूर्ण वळसा घालणारा लाकडी डेक, जेथे आरामखुर्चीत बसून समुद्र पाहता येतो. पुष्कळशा नव्या जहाजांनी ती जागा इतर कामांना देऊन टाकली आहे, याची मला हळहळ वाटते.

भाडे सारखे आहे म्हणजे खर्च सारखा होईल, असे समजू नये. मोठ्या जहाजावर मूळ भाड्यात येणारी उपाहारगृहे आणि पैसे मोजून जेवायची उपाहारगृहे यांची सरमिसळ असते, आणि पैसे घेणारी ठिकाणे नेमकी समोर असतात. इंटरनेट, पेये आणि रोजची दरडोई सेवा-बक्षिसी दोन्हीकडे वेगळी लागू शकते. लहान जहाजावर बंदरे जास्त, म्हणून किनाऱ्यावरच्या सहलींचा खर्च जास्त. दोन्हींचा सात रात्रींचा एकूण आकडा चार माणसांसाठी काढून मगच ‘सारखे’ म्हणावे. मोठ्या जहाजावरचे चांगले खेळ आणि कार्यक्रम यांच्या जागा अनेकदा प्रवासाआधीच अ‍ॅपवरून राखून ठेवता येतात. ते न केल्यास जहाजावर गेल्यावर फक्त गैरसोयीच्या वेळा उरतात.

आपली पहिलीच क्रूझ, सोबत बारा वर्षांचा मुलगा आणि उंबरठे-टेंडर यांचा त्रास होऊ शकणारी आई, हे सारे धरून मी मोठे नवे जहाज घेण्याचा सल्ला देतो. लहान जहाजाची पाचही बंदरे धक्क्याची निघाली, थांबे दिवसभराचे असले आणि आपल्याला जायचेही भर सुट्टीतच असेल, तर मात्र मी मत बदलेन.

मोठे जहाज ठरले, तर चौघांनी एका केबिनमध्ये राहण्यापेक्षा आतून दार असलेल्या दोन शेजारच्या केबिन मागाव्यात. अशा जोडकेबिन थोड्या असतात आणि लवकर संपतात. डेकचा नकाशा उघडून त्या जहाजाच्या मध्यभागी, लिफ्टपासून जवळ, पण लिफ्टच्या अगदी तोंडाशी नाहीत ना, आणि वरच्या व खालच्या डेकवरही केबिनच आहेत ना, हे स्वतः पाहावे. वर तलावाचा डेक असेल तर पहाटे खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतो, आणि खाली नाट्यगृह असेल तर रात्री उशिरापर्यंत ढोल ऐकू येतात. ‘केबिन आम्ही नेमून देऊ’ अशा स्वस्त प्रकारच्या भाड्यात ही निवड आपल्या हाती राहत नाही, म्हणून आपल्या बाबतीत थोडे जास्त भरून विशिष्ट क्रमांकाची केबिन घेणेच योग्य. आईंना चाकाची खुर्ची लागणार असेल, तर ते आरक्षणाच्या वेळीच कळवावे, कारण चढण्या-उतरण्याच्या मदतीची नोंद आधी झालेली असावी लागते.